मातीची आण

कारेवाडीच्या रवळूला त्या दिवशी पहाटे पाचलाच जाग आली, आणि मग कसली झोप घेऊन बसलाय! उताणा पडून गडी तोंडातल्या तोंडात सुरू झाला. "मैदानात येतोय, पूर्वेच्या अंगानं येतोय, मांडीवर थाप मारत येतोय..."

शेजारी झोपलेली त्याची बायको माधवी कूस बदलत म्हणाली, "त्यो दुपारी तीनला येणार हाय. आधी कोंबडा तरी आरवू द्या."

रवळू हसला. खरंखुरं, पोटातनं हसला. आणि ह्या हसण्यावरूनच तर सगळं रामायण झालं होतं, म्हणून ते आधी सांगायला पाहिजे.

मच्छे-पिरनवाडीपासून पार निपाणी-चिकोडीपर्यंत कुस्तीचं मैदान ठरलं, की लोक दोन गोष्टी विचारायचे. एक नंबरची कुस्ती कुणाकुणाची, आणि माईकवर कोण? रवळू आहे म्हटल्यावर लांबची माणसंसुद्धा टेम्पो भरून यायची. एरवी हा मच्छेच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारा निमूट माणूस. साहेबापुढं तोंडातनं शब्द फुटायचा नाही. पण माईक हातात आला, की अंगात वारं शिरल्यासारखा बोलायचा. मराठीत सुरू व्हायचा, मधेच कानडीत शिरायचा, दोन्हीकडच्या टाळ्या गोळा करून परत मराठीत यायचा. जोडीला शामूची हलगी. हे दोघं मिळून मेल्या कुस्तीत जीव आणायचे.

तीन वर्षांपूर्वी त्याला उजव्या डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं, मग डावा पाय बधिर झाला. बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय काढला आणि आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. वायरीवरचं प्लॅस्टिक सोलल्यागत मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण निघत जातं. आजार मुळातनं जात नाही, औषधानं आवरून धरता येतो. रवळूनं गावात सांगितलं, "पायाची नस दबलीया." हातात काठी आली, जरा ऊन लागलं की अंग गळायला लागलं. पण आवाज शाबूत होता, आणि आवाज शाबूत तोवर रवळू शाबूत होता.

मग आलं गेल्या सालचं मैदान.

त्याच्या आधी दोन महिने मारुतीराव वस्ताद वारले होते. रवळूच्या हातात पहिला माईक दिला तो वस्तादांनीच. "अंगात ताकद न्हाय तर न्हाय, जिभंत हाय की लेका," म्हणाले होते. मैदान सुरू होण्याआधी त्यांना श्रद्धांजली होती. रवळूनंच सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. चार हजार माणूस टोप्या काढून उभा राहिला. पुढं वस्तादांची बायको जयाक्का पदर तोंडाला लावून उभी. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता, आणि त्या शांततेत रवळू खो खो हसला.

माईक चालू होता. चारी कर्ण्यांतनं ते हसू गावभर गेलं.

छातीत रडू दाटलेलं, आणि तोंडातनं हसू फुटतंय! त्यानं ओठ चावले, तोंडावर हात दाबला, पण थांबेल तर शपथ. वस्तादांचा मुलगा परशराम, मैदान कमिटीचा अध्यक्ष, धावत आला आणि त्याची गचांडी धरली. "प्यालास काय रं?"

रवळूला स्वतःलाच कळत नव्हतं काय झालं ते. डोकं फिरलं आपलं, एवढंच त्याला वाटलं. आणि तो म्हणाला, "व्हय. प्यालतो."

आता बघा, हा माणूस जन्मात उसाच्या रसापलीकडं काही प्याला नव्हता! पण त्याचा हिशेब पक्का होता. दारुड्याला गावात जागा असते. लोक शिव्या घालतात, पण पारावर बसवून घेतात. येड्याला कोण बसवून घेतो? घरात कॉलेजला जाणारी पोरगी, ऋतिका. उद्या तिला बघायला आलेली माणसं पहिल्यांदा काय विचारतील? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून रवळूनं मूठ झाकली आणि त्याच मुठीत स्वतः गुदमरला.

कारण हसू काही तेवढ्यावर थांबलं नाही. मयताला गेला, हसू. कारखान्यात साहेब रागावले, हसू. टीव्हीवर ट्रॅक्टरची जाहिरात लागली, तर ढसाढसा रडू. त्यानं माणसांत जाणं सोडलं, भिंतीकडं तोंड करून पडायला लागला. आठ महिने असे गेले. एका दुपारी माधवी भाकरी थापत होती, तेव्हा तो भिंतीकडं बघतच म्हणाला, "माझ्यामागं तुम्ही दोघी नीट ऱ्हाशीला न्हवं?"

माधवीनं परातीतलं पीठ तसंच ठेवलं, हात धुतले आणि सांगितलं, "उठा. बेळगावला जायाचं." तो नको नको म्हणत असताना दंडाला धरून तिनं त्याला गाडीवर बसवलं.

डॉक्टरीणबाईंच्या पुढं माधवीनं सगळं ओकून टाकलं. हसू, रडू, भिंत, दारूचं खोटं, आणि आज भाकरी थापताना ऐकलेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि रवळूला एकच विचारलं, "तुम्हाला हसू येतं, तेव्हा आत गंमत वाटते का?"

रवळूनं मान वर केली. आठ महिन्यांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं स्वतःही नाही.

"न्हाय बाई," तो म्हणाला. "आत जीव जातो."

"मग ते हसू तुमचं नाही. हसण्या-रडण्याला मेंदूत लगाम असतो. तुमच्या आजारात कधीकधी तो सैल पडतो. ह्याला गोळ्या आहेत. पूर्ण थांबेल असं नाही, पण खूप कमी होईल. आणि हे जे मन खचलंय, जगावंसं वाटत नाही, तेही ह्या आजारात पुष्कळांना होतं. त्याचेही उपचार आहेत. मी नाव देते त्या डॉक्टरांकडं आजच जायचं. पण इतके दिवस बोलला का नाहीत हो?"

रवळू बाहेर आला तो दवाखान्याच्या व्हरांड्यात ओरडलाच, "म्हंजे मी येडा न्हाय!" वॉचमन उठून उभा राहिला. माधवी एकाच वेळी हसत होती, रडत होती आणि त्याला गप्प बसवत होती.

गोळ्या सुरू झाल्या. दर पंधरा दिवसांनी मनाच्या डॉक्टरांकडं जाऊन बोलणं सुरू झालं. लगेच काही चमत्कार झाला नाही. दीड महिना तो कुरकुरतच होता. पण एका सकाळी चहा पिता पिता त्याच्या तोंडातनं आपोआप आलं, "आणि माधवीनं भाकरीचा कब्जा घेतलाय! भाकरी निसटतीया... न्हाय, न्हाय, उलथन्यानं चितपट!" चुलीपुढं बसलेल्या माधवीच्या हातातलं उलथनं गळून पडलं. आवाज परत आला होता.

आणि नेमका फाल्गुनात परशराम दारात आला.

"माघातल्या लहान मैदानाला बाहेरचा माणूस आणलाता," तो म्हणाला, "लोकांनी खाली बसवला. रवळूला बोलवा म्हणून ओरडत्यात. आईबी म्हणाली, झालं गेलं ते मातीत घाल. मातीची आण घे आणि माईक धर."

कारेवाडीत ही जुनी रीत. दारू पिऊन आखाड्याची अब्रू घालवलेल्या माणसाला परत यायचं असेल, तर त्यानं मैदानाच्या दिवशी सगळ्यांसमोर हौद्यातली मूठभर लाल माती घ्यायची आणि म्हणायचं, 'पुन्हा पिणार नाही.' माती कपाळाला लावली की मागचं सगळं माफ. पण आण मोडली, तर जन्मभर आखाडा बंद.

"घेतो की!" रवळू उडालाच.

परशराम गेल्यावर माधवी कडाडली. "खोटी आण घेतासा?"

"खोटी कशी गं? पुन्हा पिणार न्हाय, एवढंच म्हणायचं हाय. ते तर खरंच हाय! आदी प्यालतो असं त्या आणेत कुठं हाय?"

"वकील व्हायचं राहिलासा तुम्ही! आणि परत हसू फुटलं तर? दारुडंबी ठरशीला आणि मातीला खोटंबी. त्यापरीस खरं सांगा."

"खरं सांगितलं तर माईक कोण देईल? डोक्याचा आजार म्हटल्यावर?" रवळू म्हणाला. "महिना झाला, एकदाबी आलं न्हाय हसू. गोळी लागू पडलीया."

मैदानाच्या दिवशी माधवीनं थर्मासभर बर्फ घेतला, दोन पंचे ओले केले आणि गाडीवर त्याच्या मागं बसली.

काय मैदान भरलं होतं म्हणता! खानापूरकडनं आलेले, निपाणीकडनं आलेले, पार कागल-कोल्हापूरकडनं आलेले. झाडांवर माणसं, ट्रॅक्टरवर माणसं, शाळेच्या भिंतीवर माणसं. हळद-ताक-लिंबू घालून मळलेल्या मातीचा वास सगळीकडं सुटलेला. शामूनं रवळूला लांबनंच बघितलं आणि हलगीवर अशी काही थाप टाकली, की रवळूचा बधिर पायसुद्धा ठेका धरतो की काय असं वाटलं. एक नंबरला कारेवाडीचा आदर्श, वस्तादांचा शेवटचा पठ्ठ्या, आणि समोर चिकोडीचा नागेंद्र, दोन वर्षांत पाठीला माती न लागलेला. रवळूच्या जिभेवर शब्द नुसते ढुशा देत होते.

"आदी आण," परशराम म्हणाला.

रवळू काठी टेकत हौद्याच्या कडेला आला. समोर खुर्चीवर जयाक्का बसलेली, वर्षात पहिल्यांदा इतकी जवळ. तो वाकला, माती घेतली, मूठ वर धरली. परशरामनं माईक त्याच्या तोंडापुढं आणला.

"मी, रवळू, ह्या मातीची आण घेऊन सांगतो..."

आणि आलं! महिनाभर दडी मारून बसलेलं हसू नेमकं तिथंच आलं. उन्हाची तलखी, धडधडणारी छाती, आणि समोर वस्तादांच्या बायकोचं तोंड. मातीची मूठ तशीच वर धरून रवळू खदखदा हसायला लागला.

"आजबी चढवून आलाय!" गर्दीतनं कुणीतरी ओरडलं. मग काय, एकच गलका. "हाकला त्याला!" "मातीला हसतोय!" परशरामचं तोंड लालबुंद झालं. त्यानं माईक काढून घेतला.

माधवी गर्दी फोडून आत आली. तिनं ओला पंचा नवऱ्याच्या मानेवर टाकला आणि परशरामपुढं उभी राहिली. "एक मिनिट थांबा. हे आपोआप उतरतंय. मग काय सांगायचं ते त्येच सांगतील." शेवटचं वाक्य ती रवळूकडं बघून बोलली.

तेवढ्यात जयाक्का उठली. सत्तर वर्षांची बाई, तरातरा चालत आली. हसणाऱ्या रवळूची हनुवटी तिनं धरली आणि म्हणाली, "तोंड उघड."

वस्ताद असेच तालमीच्या दारात उशिरा आलेल्या पोरांची तोंडं हुंगायचे. जयाक्कानं हुंगलं. परत हुंगलं. मग त्याच्या डोळ्यांत बघितलं. तोंड हसत होतं, आणि डोळ्यांतनं पाणी चाललं होतं.

"परशा, ह्येच्या तोंडाला गोळ्या-औषधाचा वास हाय," ती म्हणाली. "दारूचा न्हाय. काय झालंय रं तुला?"

हसू ओसरलं. रवळूला धाप लागली होती. अजूनही वाट होती, 'पुन्हा पिणार न्हाय' एवढं म्हटलं तर कदाचित निभावलंही असतं. पण ह्या बाईच्या तोंडावर बघून खोटं रेटायचं त्याला होईना.

"आक्का, मी कधीच प्यालो न्हाय. गेल्या सालीबी न्हाय. मला मेंदूच्या नसांचा आजार हाय. त्यात हसू येतं, रडू येतं, मला न विचारता येतं. वस्ताद गेल्यावर मला चार दिवस घास गिळंना झालता, आणि त्यांच्याच नावावर मी हसलो. येडा म्हणतील, पोरीचं लगीन मोडतील, म्हणून प्यालतो म्हणालो."

जयाक्कानं त्याच्या दंडावर फाडकन चापट मारली.

"मुडद्या! वरीसभर रोज दिवा लावताना तुला शिव्या घातल्या की रं मी! आजारी माणसाला! माझ्या पदरात फुकट पाप टाकलंस!" आणि तिथंच तिचा आवाज चिरकला. "हसलास त्याचा राग न्हाय. सांगितलं न्हाईस त्याचा राग हाय. मी काय परकी हाय व्हय?"

"आई," परशराम हळूच म्हणाला, "पण माईकवर परत असं झालं तर? बाहेरची माणसं आल्यात."

"गुडघ्याची वाटी सरकलेल्या पैलवानाला तुझा बाप तालमीतनं हाकलायचा काय रं? पट्टी बांधून उतरवायचा! दे त्याला माईक." मग ती रवळूकडं वळली. "आणि तू आण घे. दारूची न्हवं. आजार लपवणार न्हाय म्हणून घे. चार हजारांनी खोटं ऐकलंय, चार हजारांनी खरंबी ऐकू दे."

रवळूनं माईक घेतला. शामूनं हलगी काखेत दाबून धरली होती, वाजवायची का नाही हे त्याला कळत नव्हतं.

"मंडळी," रवळू म्हणाला, आणि कर्ण्यांतनं आपलाच आवाज परत ऐकून त्याला बरं वाटलं. "मी दारुडा न्हाय. मी आजारी हाय. हसू आलं तर ते माझं समजू नका. आणि तुमच्या घरात कोण भिंतीकडं तोंड करून पडत असंल, तर त्याला विचारा, आत काय होतंय. मला बायकोनं उठवून डॉक्टरकडं नेलं म्हणून मी हितं उभा हाय." मग त्यानं चिकोडीच्या बाजूला बघून कानडीत सांगितलं, "इदु नन्न नगु अल्ला." हे माझं हसू नाही. "आणि आजपासनं हा आजार मी लपवणार न्हाय, ह्या मातीची आण." त्यानं मूठ उघडली आणि माती कपाळाला लावली.

लगेच काही टाळ्या पडल्या नाहीत. माणसं एकमेकांकडं बघत होती. पाठीमागं कुणी कुजबुजलं, कुणी हसलंही. सगळी शहाणी झाली असं नव्हे.

"आता माझं देणं राहिलंय," रवळू म्हणाला. "मारुतीराव वस्तादांसाठी दोन मिनिटं उभं राहूया."

चार हजार माणूस उभा राहिला. पहिलं मिनिट गेलं. दुसऱ्या मिनिटाला रवळूच्या घशात ते हलायला लागलं, आणि फुटलंच. गेल्या सालासारखंच, कर्ण्यांतनं गावभर.

पण कुणी हललं नाही. भिंतीवरची पोरं नाहीत, ट्रॅक्टरवरची माणसं नाहीत. चिकोडीचा नागेंद्र लंगोटावर उभा, मान खाली घालून तसाच राहिला. जयाक्कानं डोळे न उघडता हात लांब केला आणि रवळूचं कोपर धरलं. मघाशी कुजबुजणारेही आता गप्प होते. दोन मिनिटं पुरी झाली, हसूही थांबलं, आणि रवळूनं शांतपणे सांगितलं, "बसून घ्या."

मग सुटला गडी! लहान जोड्या झाल्या, मोठ्या झाल्या. माधवी दर दहा मिनिटांनी त्याच्या मानेवरचा पंचा बदलत होती, बर्फाचं पाणी पाजत होती. पायातलं बळ गेलं, तर त्यानं खुर्ची मागवली आणि बसून बोलायला लागला. ऊन कलल्यावर एक नंबरची जोडी लागली.

"सलामी झाली! खडाखडी सुरू! नागेंद्रनं पट काढला, आदर्श खाली! अरे बाबा, कब्जा पक्का हाय! चिकोडीकर, बेगा, बेगा! लवकर हलगीला टाळ्या द्या! आदर्श मातीला चिकटलाय, मान वळंना... नागेंद्र ताकद लावतोय... सुटला! सुटला! आदर्श उभा! आता काय? हात धरला, पाय टाकला, ढाक! ढाक बसली! चित..."

पुढचं 'पट' त्याच्या तोंडातनं निघालंच नाही. आदर्श नागेंद्रच्या छातीवर होता, मैदान वेड्यागत उड्या मारत होतं, फेटे हवेत उडत होते, आणि रवळू माईक छातीशी धरून हुंदके देत रडत होता. शामूनं ते बघितलं आणि हलगी अशी बडवली, की कर्ण्यांची उणीव कुणाला भासू नये. आदर्शनं हौद्यातनं उठून नागेंद्रला मिठी मारली आणि धावत येऊन जयाक्काच्या पायावर डोकं ठेवलं.

जयाक्कानं त्याच्या पाठीवर हात फिरवला, पण बघत होती ती रवळूकडं. खुर्चीजवळ येऊन तिनं वाकून विचारलं, "ह्यो आजार हाय, का तू?"

रवळूनं पंच्यानं नाक पुसलं.

"मीच हाय, आक्का," तो म्हणाला.